टॉप ऑफ द पॉप्सचे जुने भाग अख्खे बघणारं कोणी आहे का इथे?

शुक्रवारची_रात्र:

नमस्कार मंडळी. यूकेत येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली पण बीबीसी फोर कधी लावलंच नव्हतं. गेल्या हिवाळ्यात मुलं झोपल्यावर चॅनेल बदलता बदलता टॉप ऑफ द पॉप्सचा (बीबीसीचा आठवड्याच्या गाण्यांच्या चार्टवरचा जुना कार्यक्रम, चार्ट म्हणजे रेकॉर्डच्या विक्रीवरून लागणारे नंबर) एक जुना अख्खा भाग लागला, आणि तेव्हापासून शुक्रवारची रात्र मी त्यासाठीच राखून ठेवलीय.

इथलं सत्तर-ऐंशीचं संगीत मला माहीत होतं ते सगळं 'बेस्ट ऑफ'वाल्या कॅसेट आणि नंतर यूट्यूबवरून, म्हणजे क्वीन, बोवी, अ‍ॅबा, मग पंक (ते बंडखोर, आरडाओरड्याचं रॉक), मग मेकअप केलेली सिंथेसायझरवाली पोरं, असा एक सरळ रस्ता डोक्यात होता. आणि अख्खे भाग बघायला लागलो तर तो रस्ता कुठे सापडेचना! १९७६ म्हणजे पंकचं साल असं प्रत्येक पुस्तकात वाचलेलं, पण १९७६च्या भागांत पंक औषधालाही नाही, वसंतात ब्रदरहूड ऑफ मॅन सहा आठवडे नंबर एकला ठाण मांडून, जूनमध्ये वुर्झल्स नावाची सॉमरसेटकडची मंडळी शेतकरी टोप्या घालून हार्वेस्टरवरचं गाणं म्हणतायत आणि तेही नंबर एक, मग त्या भाजून काढणाऱ्या उन्हाळ्यात एल्टन जॉन आणि किकी डी परत सहा आठवडे.

पण मला खरंच हलवलं ते १९८०च्या डिसेंबरने. ८ डिसेंबरला जॉन लेननचा खून झाला, त्याचं गाणं नंबर एकला गेलं, इथपर्यंत आपल्याला वाटतं तसंच. आणि नाताळाला त्याला खाली ढकलून नंबर एकला कोण आलं तर सेंट विनिफ्रेड्स शाळेतल्या लहान मुलींचा कोरस, आजीवरचं गाणं म्हणणारा. मग जानेवारीत पुन्हा लेनन, या वेळी 'इमॅजिन' घेऊन. हे मी वाचलं असतं तर नुसती माहिती म्हणून विसरून गेलो असतो, पण तारखेच्या क्रमाने एकामागून एक बघताना पोटात काहीतरी होतं, की देश एकीकडे रडत होता आणि त्याच दुकानात त्याच आठवड्यात कोणीतरी आपल्या आजीसाठी ती रेकॉर्ड घेत होतं, आणि दोन्ही खरं होतं.

तर प्रश्न असे. एक, मधले मधले आठवडे गायब का असतात? दोन, साठच्या दशकातले भाग का लावत नाहीत? तीन, कधीकधी गाणं रेकॉर्डसारखं वाटतच नाही, वाद्यं वेगळी, वेग थोडा जास्त, मागे भलताच ब्रास सेक्शन, हे काय प्रकरण आहे? आणि चौथा प्रश्न घरचा आहे, बायको म्हणते की बाकीची रद्दी पुढे ढकल आणि चांगली तेवढी बघ, मला ते पटत नाही पण का पटत नाही ते सांगता येत नाहीये. तुम्ही अख्खा भाग बघता की निवडून?

---

मिक्सरमागे:

मी आवाजाच्या कामात आहे (लाइव्ह शो, टीव्ही नाही) आणि हा कार्यक्रम हा माझा जुना नाद आहे, त्यामुळे तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तिथे सगळ्यात जास्त गंमत आहे.

सुरुवातीच्या काळात कलाकार सरळ रेकॉर्ड लावून ओठ हलवायचे. १९६६पासून म्युझिशियन्स युनियनने त्याला हरकत घेतली, त्यांचं म्हणणं साधं होतं की टीव्हीवर संगीत वाजणार असेल तर वादकाला त्याचं काम आणि पैसे मिळाले पाहिजेत, रेकॉर्ड लावून भागवू नका. मग तोडगा असा निघाला की एकतर स्टुडिओतल्या ऑर्केस्ट्राच्या साथीवर गायचं, जॉनी पिअरसन त्याचे संचालक होते आणि मागे गायला लेडीबर्ड्स, नाहीतर बँडने कार्यक्रमासाठी साथीचा ट्रॅक नव्याने रेकॉर्ड करायचा, तोही तीन तासांच्या एका सेशनमध्ये. आता विचार करा, जी रेकॉर्ड बनवायला निर्मात्याने कित्येक दिवस घालवले, थरावर थर चढवले, ती तीन तासांत परत कशी होणार? म्हणून प्रत्यक्षात बरेच बँड युनियनच्या माणसाचं लक्ष नसताना नव्या ट्रॅकऐवजी रेकॉर्डचीच मूळ टेप पुढे सरकवायचे, आणि हे उघड गुपित होतं, अनेक संगीतकारांनी नंतर स्वतःच सांगितलंय.

तेव्हा तुम्हाला जे 'वेगळं' ऐकू येतं ते म्हणजे नियम खरोखर पाळलेला असतो! आणि मला ते भाग फार प्रिय आहेत. ऑर्केस्ट्रातले लोक सगळे नीट शिकलेले, समोर कागद आला की वाजवणारे, पण डिस्को किंवा रेगे आला की ताल किंचित पुढेमागे होतो, बेसला ते वजन येत नाही, आणि गायिका बिचारी अमेरिकेहून विमानाने आलेली, तिला मॉनिटरमध्ये जे ऐकू येतंय ते तिचं गाणंच वाटत नाहीये हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं, तरी ती गाते आणि बऱ्याचदा रेकॉर्डपेक्षा जास्त जीव ओतून गाते कारण तिला आता सगळं एकटीने ओढून न्यायचंय. असं ऐकलं की मी उठून उभा राहतो.

१९८०च्या उन्हाळ्यात दोनेक महिने कार्यक्रमच नव्हता ते आठवतंय का तुम्हाला क्रमाने बघताना? तो युनियनचा संप होता, बीबीसी आपले काही वाद्यवृंद बंद करायला निघाली होती म्हणून. त्यानंतर स्टुडिओतला ऑर्केस्ट्रा हळूहळू गेलाच.

क्वीनच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या त्या प्रसिद्ध १९७५च्या व्हिडिओमागेही हेच कारण होतं, एकतर ते दौऱ्यावर असणार होते आणि दुसरं म्हणजे तेवढ्या आवाजांच्या थरांचं गाणं स्टुडिओत उभं राहून नुसते ओठ हलवून म्हणणं त्यांना नको होतं, म्हणून ब्रूस गावर्सकडून फिल्म करून घेतली आणि ती कार्यक्रमाला पाठवली. नऊ आठवडे नंबर एक.

आणि १९९१च्या ऑक्टोबरनंतर उलटा नियम आला की गायकाने प्रत्यक्ष गायलाच पाहिजे, साथ टेपवर चालेल. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निर्वाणा आले आणि कर्ट कोबेनने तो नियम अक्षरशः पाळून गाणं इतक्या खालच्या पट्टीत घोगरं म्हटलं की ओळखू येईना, आणि बँडने वाजवण्याचं नाटकही धड केलं नाही. तो भाग नक्की बघा.

---

पसरणीघाट:

मी १९७४च्या ऑगस्टमध्ये नर्स म्हणून इथे आले, तेव्हा वय तेवीस. नर्सेस होममध्ये खाली एक टीव्हीची खोली होती आणि गुरुवारी संध्याकाळी तिथे बसायला जागा मिळायची नाही. आयरिश मुली, जमैकाच्या, मलेशियाच्या, आम्ही दोघी-तिघी भारतातल्या, सगळ्या युनिफॉर्ममध्ये नाहीतर डोक्याला रोलर्स लावून. आधी तो टुमॉरोज वर्ल्ड नावाचा विज्ञानाचा कार्यक्रम असायचा, तो कोणी बघत नव्हतं पण जागा धरायला त्याच वेळी येऊन बसायला लागायचं. ब्लॅक अँड व्हाइट सेट, वर अँटेना, तो धरायला एकीने उभं राहायचं.

मला इंग्रजी वाचता लिहिता यायचं पण बोललेलं समजायचं नाही, वॉर्डात पेशंट काय म्हणतो ते दोनदा विचारायला लागायचं आणि लाज वाटायची. गाणी मात्र समजायची. नाचणाऱ्या मुली तर त्याहून सोप्या, पॅन्स पीपल, कारण गाण्यात जे शब्द असतील तेच त्या हावभावांनी करून दाखवायच्या, आपल्या शाळेतल्या अभिनयगीतासारखं अगदी. कलाकार येऊ शकला नाही की त्या नाचायच्या आणि तयारीला त्यांना एक-दोनच दिवस मिळत, हे मला खूप नंतर कळलं. फ्लिक कोल्बी त्यांचा नाच बसवायची, अमेरिकन होती. आता कोणी हसत असेल त्या नाचांना, मी नाही हसत, मला त्यांनी इंग्रजी शिकवलं.

आल्याआल्या सप्टेंबरमध्ये नंबर एकला होतं कुंग फू वालं गाणं, कार्ल डग्लसचं. आमची जमैकाची मैत्रीण खोलीच्या मधोमध उभी राहून लाथा मारून दाखवायची कारण तो गायक त्यांच्याकडचा. आणि ते गाणं केलं होतं बिद्दूने, बंगलोरच्या मुलाने! आम्हाला काही पत्ता नव्हता. १९८०मध्ये 'आप जैसा कोई' आलं तेव्हा नाव कळलं आणि मग मी मागे जाऊन जोडलं. त्या खोलीत मीही उभी राहिले असते की हा आमच्याकडचा म्हणून.

तसंच त्याच शरद ऋतूत क्वीन आले 'किलर क्वीन' घेऊन. तो गायक बघून आयरिश मुली किंचाळल्या आणि मी त्याच्या दातांकडे आणि डोळ्यांकडे बघत राहिले, काहीतरी ओळखीचं वाटत होतं. माझं माहेर वाईचं. पसरणीचा घाट चढून गेलं की पाचगणी, आणि तिथल्या सेंट पीटर्समध्ये हा मुलगा शिकला, शाळेच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा, फ्रेडी बल्सारा, म्हणजेच नंतरचा फ्रेडी मर्क्युरी. मी घाटाखाली परकर नेसून शाळेत जात होते तेव्हा हा वर होता. हे मला कळलं तो गेल्यानंतर, १९९१मध्ये, पेपरातून.

एक गोष्ट राहिली. कार्यक्रमात नंबर एकचं गाणं नेहमी सगळ्यात शेवटी. आणि माझी रात्रपाळी असली की मला त्याआधी उठायला लागायचं, केप अंगावर घेऊन पॅसेजमधून जाताना मागून फक्त आवाज यायचा. त्यामुळे कित्येक नंबर एक मी पाठीने ऐकलेत, समोरून बघितलेच नाहीत.

---

थोडं_वेगळं:

काकू, तुमचा प्रतिसाद वाचून डोळ्यात पाणी आलं. पण मूळ प्रश्नावर माझं मत धागाकर्त्याच्या सौ.च्या बाजूने आहे, आणि मी ते मनापासून मांडतोय. आयुष्य छोटं आहे. चाळीस मिनिटांच्या भागात दोन गाणी ऐकण्यासारखी असतात, बाकी त्या आठवड्यात चालून गेलेला माल. काळाची चाळणी असते ती उगाच नसते. टीओटीपी टू (टॉप ऑफ द पॉप्स टू) नावाचा कार्यक्रम १९९४पासून बीबीसीनेच काढला होता, निवडक तुकड्यांचा, तोच मला योग्य वाटतो. १९७२च्या जुलैत बोवीने 'स्टारमन' गाताना त्याचा गिटारिस्ट मिक रॉन्सनच्या गळ्यात हात टाकला आणि कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं, ती साडेतीन मिनिटं बघून किती पोरांनी गिटार हातात घेतली. त्या दिवशी आधी नंतर कोण गायलं याने काय फरक पडतो?

दुसरं, न दाखवल्या जाणाऱ्या भागांबद्दल. जिमी सॅव्हिल या सूत्रसंचालकाचे भाग, त्याचे लैंगिक अत्याचार त्याच्या मृत्यूनंतर उघड झाल्यामुळे, २०१२पासून बंद आहेत आणि ते बंदच असावेत. यावर चर्चा नको असं मला वाटतं पण धागाकर्त्याने विचारलंय म्हणून लिहिलं.

---

रेकॉर्ड_आणि_पॉझ:

माझा जन्म इथलाच, ७१चा, मराठी घरात आईबाबांशी बोलून आलेली, लिहायला नंतर शिकलो, तेव्हा चुका सांभाळून घ्या.

थोडं वेगळं दादा, आधी नंतर कोण गायलं याने फरक पडतो! मी सांगतो कसा. १९८२चा वसंत, मी अकरा वर्षांचा. मंगळवारी दुपारी रेडिओ वनवर नवा चार्ट सांगायचे, शाळेत जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी छोटा ट्रान्झिस्टर आणलेला असायचा आणि आम्ही भोवती गोळा होऊन कान लावायचो, त्यामुळे गुरुवारी टीव्हीवर कोण येऊ शकतं याचा अंदाज असायचा. खाली घसरलेलं गाणं घेत नसत, वर चढणारंच घेत, आणि नंबर एक सोडून लागोपाठ दोन आठवडे तेच गाणं नाही, हे नियम आम्हाला पाढ्यासारखे पाठ. तर मी सोफ्यावर, शेजारी ताई, आई स्वयंपाकघरात, आणि एकामागून एक नेहमीची मंडळी, केस फुगवलेली गोरी मुलं, आणि मग काही सूचना न देता सतार आणि तबला. मान्सून नावाचा बँड आणि गाणारी शीला चंद्रा, जी आम्हाला ग्रेंज हिल या शाळेच्या मालिकेतून माहीत होती, सतरा वर्षांची. आई हातात लाटणं घेऊन बाहेर आली. कोणी काही बोललं नाही. गाणं संपलं आणि लगेच पुढचा बँड, जणू काही झालंच नाही.

तो 'जणू काही झालंच नाही' हाच मुद्दा आहे. तुकडा कापून 'पहिली ब्रिटिश एशियन मुलगी' असं लेबल लावून दाखवला तर ते म्युझियम होतं. भागात मात्र ती इतरांसारखीच एक होती, आधी एक बँड, नंतर एक बँड, टाळ्या तेवढ्याच. दुसऱ्या दिवशी शाळेत जी मुलं मला माझ्या डब्याच्या वासावरून बोलायची त्यांतला एक येऊन म्हणाला, काल ते तुमचं गाणं चांगलं होतं. गाणं बारा नंबरपर्यंतच गेलं पण माझ्यासाठी तो एक शुक्रवार फार मोठा होता.

आणि मग १९९८ फेब्रुवारी. मी तेव्हा नोकरीला लागलेलो, वीकेंडला घरी आलो होतो. वुल्व्हरहॅम्प्टनच्या तजिंदर सिंगचा कॉर्नरशॉप, 'ब्रिमफुल ऑफ आशा'. हे गाणं आधीच्या वर्षी आलं तेव्हा साठाव्या नंबरवर अडकलं होतं, डीजे नॉर्मन कुकने रिमिक्स केल्यावर थेट नंबर एक. आशा भोसलेंवरचं गाणं इंग्लंडात नंबर एक! गाण्यात लता मंगेशकर आणि रफींचीही नावं येतात. आईला मी समजावून सांगितलं तर ती म्हणाली, अगोबाई म्हणजे आपल्या आशाताई? आणि मग ती गाणं संपल्यावर भांडी घासताना त्यांचीच जुनी मराठी गाणी गुणगुणत होती, रिमिक्स नाही.

आपली माणसं शोधायची सवय मला तिच्यामुळे लागली. १९९६ जानेवारीत नंबर एकला बॅबिलॉन झू, त्यातला जस मान. बरोबर एक वर्षाने व्हाइट टाउन, म्हणजे रुरकेलात जन्मलेला ज्योती मिश्रा, डर्बीत घरच्या घरी रेकॉर्ड केलेलं गाणं घेऊन नंबर एक. २००३च्या जानेवारीत पंजाबी एमसी पाचव्या नंबरवर, चक्क पंजाबीत. गायक क्लिफ रिचर्डचा जन्म लखनौचा हे आई प्रत्येक वेळी सांगायची, तो कितीही वेळा दिसला तरी.

---

मिक्सरमागे:

रेकॉर्ड आणि पॉझ, क्या बात है. आता धागाकर्त्याचे राहिलेले दोन प्रश्न.

साठच्या दशकाचं दुःख मोठं आहे. पहिला भाग १ जानेवारी १९६४, मँचेस्टरच्या डिकिन्सन रोडवर एका जुन्या चर्चचा स्टुडिओ केला होता तिथून, रोलिंग स्टोन्स आणि डस्टी स्प्रिंगफील्ड त्यात होते, आणि तो भाग आज अस्तित्वात नाही. त्या दशकातले पूर्ण भाग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. व्हिडिओटेप दोन इंच रुंदीची, महाग, पुसून पुन्हा वापरता येणारी, आणि कलाकारांच्या करारांमुळे कार्यक्रम परत दाखवायला मर्यादा, शिवाय हा तर चार्टचा कार्यक्रम, पुढच्या आठवड्यात शिळा! मग कपाटात कशाला ठेवायचा, असा विचार झाला आणि पुसलं. बीटल्स स्टुडिओत येऊन गायले ते एकदाच, १६ जून १९६६, तेही पुसलं. कोणीतरी घरातल्या टीव्हीसमोर हातातला फिल्म कॅमेरा धरून काही सेकंद टिपले होते, तेवढा तुकडा २०१९मध्ये समोर आला.

सत्तरच्या सुरुवातीचीही तीच गत. बोवीचा १९७३च्या जानेवारीतला 'जीन जिनी' गेला असंच सगळे समजत होते, तो २०११मध्ये सापडला कारण जॉन हेन्शॉल या कॅमेरामनने त्यात स्वतः बनवलेली फिशआय लेन्स वापरली होती आणि आपल्या कामाचा नमुना म्हणून एक प्रत ठेवली होती. आपल्याकडे एकमेव प्रत आहे हे त्यालाच माहीत नव्हतं! एका माणसाला आपल्या लेन्सचा अभिमान होता म्हणून आपल्याला ते बघायला मिळतंय, मला हे आठवलं की अंगावर काटा येतो. म्हणून बीबीसी फोरने २०११च्या एप्रिलमध्ये पुनर्प्रसारण सुरू केलं ते १९७६पासून, कारण तिथून पुढे भाग जवळपास सलग आहेत.

थोडं वेगळं, तुमच्या चाळणीच्या मुद्द्याला माझं हेच उत्तर आहे. काळाने चाळलं असं आपण म्हणतो पण इथे काळाने काही चाळलेलं नाही, एका खोलीत टेप पुसणारं मशीन होतं आणि त्याने 'स्टारमन' आणि रद्दी यात फरक केला नव्हता. जे उरलं ते चांगलं म्हणून उरलं नाही.

आता गायब आठवड्यांचं. जिमी सॅव्हिल आणि डेव्ह ली ट्रॅव्हिस (त्याला २०१४मध्ये शिक्षा झाली) यांनी सादर केलेले भाग लावत नाहीत, बाललैंगिक अत्याचारासाठी शिक्षा झालेला गायक गॅरी ग्लिटर याचे तुकडे कापतात. शिवाय आणखी एका सूत्रसंचालकाने पुनर्प्रसारणाला परवानगी दिली नव्हती म्हणून त्याचेही भाग नाहीत, त्यात गुन्ह्याचा काही संबंध नाही. माझं मत विचाराल तर दाखवू नयेत हे बरोबरच, ज्यांनी सोसलं त्यांना शुक्रवारी रात्री टीव्ही लावल्यावर तो चेहरा दिसू नये. फक्त एका गोष्टीचं वाईट वाटतं, की एखादा गायक आयुष्यात एकदाच त्या स्टेजवर उभा राहिला आणि तो नेमका त्या भागात, तर त्याचाही तो दिवस गेला. त्याचा काय दोष. सूत्रसंचालकाचा भाग कापून गाणी तरी स्वतंत्र दाखवावीत.

---

थोडं_वेगळं:

पुसणारं मशीन हा मुद्दा मला माहीत नव्हता, विचार करायला लावणारा आहे. मान्य. तरीही १९७६चा अख्खा उन्हाळा बघायचा धीर माझ्यात नाही, डेमिस रूसोस दोनदा बघून झाला. :) १९७८-७९पासून सुरू करतो.

---

रेकॉर्ड_आणि_पॉझ:

करा करा. आणि १९८१च्या फेब्रुवारीत जरा थांबा. अल्ट्राव्हॉक्सचं 'व्हिएन्ना' दोन नंबरवर आणि त्याच्या डोक्यावर तीन आठवडे जो डॉल्चेचं विनोदी गाणं. आज सगळे त्याला अन्याय म्हणतात, पण माझ्या ताईच्या वर्गात सगळ्यांना जो डॉल्चेच पाठ होता, व्हिएन्ना एकालाही नाही. आणि १९८८च्या ऑगस्टमधला ऑल अबाउट इव्हचा प्रसंग, थेट प्रक्षेपण होतं, घरी आम्हाला गाणं ऐकू येत होतं पण स्टुडिओत त्यांना टेप ऐकूच जात नव्हती, गायिका स्टुलावर शांत बसून वाट बघतेय आणि तिचाच आवाज आपल्याला ऐकू येतोय. आम्ही घरी टीव्हीला ओरडून सांगत होतो, अगं सुरू झालंय!

---

शुक्रवारची_रात्र:

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. बायकोला अख्खा धागा वाचून दाखवला, पसरणीघाट काकूंचा दोनदा. काल तिने स्वतः रिमोट बाजूला ठेवला आणि लेग्ज अँड कोचा (पॅन्स पीपलनंतर आलेल्या नाचणाऱ्या मुलींचा) एक नाच शेवटपर्यंत बघितला, म्हणाली या मुलींना दोन दिवसांत एवढं बसवायचं म्हणजे कमाल आहे.

१९७७च्या जूनबद्दल एक विचारायचं राहिलं, राणीच्या ज्युबिलीचा आठवडा, सेक्स पिस्टल्स या पंक बँडचं राजघराण्याची टर उडवणारं 'गॉड सेव्ह द क्वीन' दोन नंबरवर आणि कार्यक्रमात गाणं वाजलंच नाही. काकू, तेव्हा तुम्ही त्या खोलीत होतात का? कोणी काही बोललं का?

---

पसरणीघाट:

होते ना. आमच्या रस्त्यावर टेबलं मांडून पार्टी होती, वॉर्डात कागदी झेंडे लावले होते. खोलीत एका आयरिश मुलीला ते गाणं माहीत होतं, तिच्याकडे रेकॉर्ड होती, ती म्हणाली आता लागेल आता लागेल, आणि ते लागलं नाही आणि रॉड स्ट्युअर्ट लागला, तिने चप्पल फेकली टीव्हीवर. मग मेट्रनने विचारलं तर सगळ्या गप्प. मला तेव्हा ते गाणं काय आहे ते ठाऊक नव्हतं, रॉड स्ट्युअर्ट मला आवडायचा, मी खूश होते. पण त्या दिवशीही रात्रपाळीच होती, त्यामुळे अर्धाच ऐकला.

माझ्या नातवाने आता मला रेकॉर्ड कसं करायचं ते लावून दिलंय. परवा १९७६च्या ऑगस्टचा भाग बघितला, एल्टन जॉन आणि किकी डी, शेवटपर्यंत, मग नावं वर सरकत गेली, तीही बघितली. आता शुक्रवारी पुढचा.